तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

मुकुंदराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सातो-सान बोलत होत्या. सत्तरीच्या बाई, त्यात माझं जपानी ऑफिसपुरतं, त्यामुळे पहिल्यांदा मला नीट कळलंच नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं. मग मी जिन्यात जाऊन उभा राहिलो आणि मिरजेला त्यांच्या धाकट्या बहिणीला, शरयूताईंना, फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "श्रीकांत, शेवटी शेवटी आपलं कोणी जवळ होतं ना हो त्याच्या? तुम्ही जात होतात ना?" मी म्हणालो, "हो ताई. जात होतो की."

हे खोटं आहे. मी एकदाही गेलो नाही. सहा आठवडे झाले, ते खोटं मी बाळगून आहे, आणि आज लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

मुकुंदराव माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. तरुणपणी मातीवर संशोधन करायला तोक्योला आले, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि इथेच राहिले. लग्न केलं नाही. "मातीशीच लग्न लागलंय, सवत कशाला आणू?" असं म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर आधी हसायचे. फुनाबोरीतलं त्यांचं दोन खोल्यांचं घर म्हणजे आम्हा सगळ्यांचं वाचनालय. पुण्यामुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाने बॅगेत एक दिवाळी अंक आणायचाच, हा त्यांचा दंडक होता. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ते तिथे वाचून दाखवायचे. त्यांचं वाचन ऐकताना माझी मुलगी, जी घरी मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर देते, तीसुद्धा मांडी घालून बसायची. शब्द कळत नसले तरी चालेल, आवाज कानावरून जाऊ दे, असं ते म्हणायचे. मी एकदा बोलता बोलता "मी तुम्हाला परत येतो" म्हणालो, तर म्हणाले, "पैसे आहेस का तू, परत यायला? फोन करतो म्हण!" ऑफिसच्या इंग्रजीने आमच्या मराठीची जी काही दैना केली होती, ती अशी हसतखेळत निस्तरत बसायचे.

पण सगळ्यांना आठवतं ते त्यांचं वाढणं. आग्रह करावा तर मुकुंदरावांनी. त्यांचं एक शास्त्रच होतं. "पहिलं नको जिभेचं. दुसरं नको रीतीचं. तिसरं नको पोटाचं. तिसरं आल्याशिवाय वाढप्याने हात आखडायचा नाही." एका होळीला त्यांनी सातो-साननाही जेवायला बोलावलं होतं. इथली रीत अशी, की पाहुणा पुरे म्हणाला की यजमान थांबतो. बाई हात जोडून पुरे म्हणाल्या, यांनी पोळी वाढली. त्या पुन्हा पुरे म्हणाल्या, यांनी आणखी एक वाढली, वर तुपाची धार. ताटात टाकायचं नाही म्हणून बिचारीने चार पुरणपोळ्या संपवल्या आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठली नाही. मुकुंदराव ओशाळून फळं घेऊन माफी मागायला गेले आणि दारात उभं राहून त्यांनी आपलं ते नकोचं शास्त्र तिला समजावलं. ती पोट धरून हसली म्हणे. आम्हीही ही गोष्ट कितीतरी वर्षं एकमेकांना सांगून हसत होतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांना कॅन्सर निघाला. उपचार घरी राहूनच चालले होते, आठवड्यातून एकदा हॉस्पिटल. मी फोन केला. "मुकुंदराव, शनिवारी येऊ का?"

"नको रे. कशाला एवढा लांब येतोस? पोरांच्या परीक्षा असतील."

आमच्या घरापासून, उरायासुहून, दोन स्टेशनं आणि पुढे एक बस. याला लांब म्हणत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हणालो, "बरं, काही लागलं तर सांगा हं." फोन ठेवला, आणि लपवून काय उपयोग... मला सुटल्यासारखं वाटलं. आजारी माणसापुढे बसून काय बोलायचं ते मला कधीच जमलेलं नाही. शिवाय पंधरा वर्षं या देशात राहून एक गोष्ट मी घोटून घोटून शिकलो होतो: कोणाला आपला त्रास होऊ द्यायचा नाही. न कळवता कोणाच्या दारात जायचं नाही आणि समोरचा नको म्हणाला की विषय संपला. या शहाणपणाची मला तेव्हा फार छान सबब मिळाली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण मी पडलो इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. त्याच दिवशी मी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकली: "मुकुंदरावांना सध्या विश्रांतीची गरज असून भेटी नको आहेत. कृपया कोणीही जाऊ नये." कोणी डबा घेऊन निघालं होतं, कोणी शनिवार-रविवार वाटून घ्यायचं म्हणत होतं. सगळे थांबले. सगळ्यांनी समंजसपणे होकाराचे अंगठे टाकले. मुकुंदरावही त्या ग्रुपवर होते. त्यांनी ती सूचना वाचली आणि खाली नमस्काराचे दोन हात टाकले. ते हात पाहून मला वाटलं, चला, आपण बरोबर केलं! आज तो ग्रुप उघडला की ते हात अजून तिथेच दिसतात.

शेवटचे दोन दिवस ते हॉस्पिटलात होते. मी पोचलो तो थेट अंत्यविधीला. त्यानंतर घर रिकामं करायला गेलो तेव्हा सातो-सान मदतीला आल्या. स्वयंपाकघरात त्यांना कुठे काय आहे ते सगळं ठाऊक होतं. मेतकुटाची बरणी त्यांनी न शोधता खाली काढली. मी विचारलं तेव्हा पिशव्यांची तोंडं बांधता बांधता त्यांनी सांगितलं, "मी तांदळाची पेज घेऊन आले तर ते दारातूनच नको म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नको म्हणाले. मी परत गेले. मग आठवलं, तुमच्या लोकांना तीनदा विचारायचं असतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं." त्यानंतर बाई रोज दुपारी येत होत्या. ते पेजेत मेतकूट कालवून खायचे आणि त्यांना मराठी अंकातलं वाचून दाखवायचे. "मला एक अक्षर कळत नव्हतं," त्या म्हणाल्या, "पण आवाज छान होता." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळे फार कामात होतात ना?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

शरयूताई, हे ज्या रविवारच्या पुरवणीत छापून येणार आहे ती तुमच्याकडे येते, हे मला माहीत आहे. फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा तुमच्या तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला. मागच्या आठवड्यात तुमचं पत्र आलं. भावासाठी विणायला घेतलेला स्वेटर अर्धा झालाय, आता तो मीच घालायचा, "माझ्या भावाचं तुम्ही केलंत" म्हणून... आणि बाह्यांसाठी माझं माप कळवायचं. ते वाचल्यावर मात्र गप्प बसणं शक्य नव्हतं. ताई, मी जात नव्हतो. मी गेलो नाहीच, आणि जे जाणार होते त्यांनाही मीच थांबवलं. तुम्ही मला माफ करा असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण तुमचा भाऊ एकटा नव्हता, एवढं मात्र खरं आहे, आणि ते तुम्हाला कळायला हवं.

काल सातो-सानकडे गेलो, न कळवता, आणि त्यांचं माप घेतलं. खांद्यापासून मनगटापर्यंत अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. त्या खूप लहानखुऱ्या आहेत, ताई. तुम्हाला बरंच उसवावं लागेल.