स्वस्तातली स्प्रे गन आणि आप्पांचं इंजिन

तिघांनी मिळून एखादी वस्तू घेतली की तिच्यावरून भांडणं होणारच, असं आमच्या घरच्यांचं मत होतं. भांडणं झाली नाहीत. किस्से मात्र इतके साठले, की चहाला कोणी नवा माणूस आला की आमच्यातला एकजण तरी सुरू होतोच. आज माझी पाळी!

ती वस्तू म्हणजे ऑनलाइन मिळालेली, सगळ्यात स्वस्त स्प्रे गन. गन पेनाएवढी, सोबत डब्याएवढा कॉम्प्रेसर. आम्ही छोटी मॉडेल्स बनवतो: गाड्या, विमानं, रणगाडे. आम्ही म्हणजे रेल्वेच्या ऑफिसातला प्रकाश, नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून जन्म काढलेले दिघेकाका आणि शाळेत चित्रकला शिकवणारा मी. अड्डा मांजलपूरला, माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत.

गन घेतली ती प्रकाशसाठी. त्याचे वडील, आप्पा, डभोईच्या छोट्या लाइनवर वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. त्यांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला त्यांचंच इंजिन वीतभर आकारात बनवून द्यायचं, असं प्रकाशने ठरवलं होतं. आप्पा त्याच्या मॉडेल्सना आजवर खेळणीच म्हणत आले. पन्नाशीच्या प्रकाशला त्यांच्याकडून एकदा तरी शाबासकी हवी होती. तो तसं बोलला नाही, पण आम्हाला कळत होतं.

*

पहिल्याच दिवशी अडलं. सगळे व्हिडिओ सांगतात, रंग दुधाइतका पातळ करा. कुठलं दूध, ते कोणी सांगत नाही. दिघेकाका म्हणाले म्हशीचं, प्रकाश म्हणाला पिशवीतलं. अर्धा तास चर्चा करून रंग भरला, ट्रिगर दाबला, तर काहीच बाहेर येईना.

तेवढ्यात बायको कपडे वाळत घालायला आली. गनच्या रंगाच्या कपात डोकावून म्हणाली, "ही बासुंदी आहे." थिनरची बाटली आमच्याकडे सरकवली आणि गेली. तेव्हापासून आमच्याकडे रंग ती पास करते.

*

सेफ्टीचा ताबा अर्थात दिघेकाकांकडे. दोन्ही बाजूंना डबडी असलेला कारखान्यातला मास्क, गॉगल, हातमोजे. वर वर्क परमिट! कागदावर काम, जागा, धोके आणि खाली सही. एका रविवारी त्यांनी प्रकाशचं परमिट नाकारलं, कारण त्याच्या पायात चप्पल होती. तो बिचारा घरी जाऊन बूट घालून आला आणि काडेपेटीएवढ्या केबिनला प्रायमर मारला.

हा सगळा थाट समोरच्या गॅलरीतून भानुबेन बघत होत्या. मास्कवाले तिघे, घुरघुरणारं मशीन, नळीतून उडणारा धूर. शेवटी न राहवून त्यांनी गुजरातीत हाक मारली, "भाई, अमारे त्यां पण छांटी जजो, मच्छर बहु छे!"

काकांनी मास्क काढून गंभीरपणे सांगितलं की डासांच्या फवारणीला वेगळं परमिट लागेल.

*

गन नीट चालते का ते बघायला आधी डाव्या हाताच्या तर्जनीच्या नखावर फवारा मारायचा, ही आमच्यातली पद्धत. मतदानाच्या दिवशी सकाळी मी इंजिनाचा काळा रंग असाच तपासला आणि तसाच बूथवर गेलो.

अधिकाऱ्याने माझं बोट पाहिलं, मग तोंड पाहिलं. मत तर देऊन झालंय म्हणाला. मी म्हटलं, तो इंजिनाचा रंग आहे. हे ऐकून मागची रांगसुद्धा माझं बोट बघायला पुढे सरकली! यादीत माझ्या नावापुढे खूण नव्हती म्हणून सुटलो. त्याने शेजारच्या बोटाला शाई लावली आणि शांतपणे म्हणाला, "आ अमारो कलर. एक ज कोटमां काम थई जाय."

*

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी फक्त वॉर्निशचा हात राहिला होता. तीन महिन्यांचं काम, आणि शेवटच्या मिनिटाला गनमधून एक टपोरा थेंब बॉयलरवर पडला. ओघळून खाली आला आणि तसाच सुकायला लागला. पुसावा तर खालचा रंग निघणार. प्रकाशचा चेहरा बघवत नव्हता. पुढच्या वर्षी देऊ, म्हणाला. दिघेकाकांनी इंजिन खोक्यात ठेवलं आणि स्कूटरची किल्ली उचलली.

आप्पांच्या घरी पोचलो. त्यांनी पेढ्यांची ताटली बाजूला केली, चष्मा लावला आणि इंजिन खिडकीशी नेलं. चाकं बघितली. केबिनमध्ये करंगळी घालून आतला दांडा चाचपला. मग बॉयलरखालच्या त्या ओघळावर बोट थांबलं. प्रकाश घाईघाईने सांगायला लागला की ती चूक शेवटच्या क्षणी झाली, पण आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं.

इंजिन अलगद टेबलावर ठेवून ते म्हणाले, "हे गळतंय. आज लाइनवर काढू नका. दुरुस्तीला शेडमध्ये लावा."

प्रकाश उठून उभा राहिला.

"हो, ड्रायव्हरसाहेब," म्हणाला.