खाजामियाँ मास्तरांची खैरपूरची गोष्ट

खाजामियाँ पिंजाऱ्याच्या घरात जन्मले आणि त्या घराण्यात पहिल्यांदा हातात पुस्तक धरलं ते त्यांनीच. बाप आणि धाकटा भाऊ मकबूल खांद्यावर धनुकली टाकून गाद्यांचा कापूस पिंजत गावोगाव हिंडायचे. खाजामियाँ मात्र नळदुर्गला शिकले आणि अणदूरपासून दोन कोसांवरच्या हिंगणदरीला, आपल्याच गावात, सरकारी शाळेवर मास्तर झाले. निजामाचं राज्य होतं. शिकवायचं उर्दूत आणि पोरांच्या डोक्यात उतरवायचं मराठीत, असा दुहेरी कारभार. मास्तर तो गोष्टी सांगून निभावून न्यायचे.

ऐकलेल्या गोष्टी संपल्या तेव्हा ते स्वतःच्या रचू लागले. त्यातली एक पोरांनी घरी नेली, घरातून ती रानात गेली, आणि मग मोठी माणसंच म्हणू लागली, "मास्तर, आमालाबी सांगा की." सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात, दिवस कलताना, त्यांनी ती पारावर बसून पहिल्यांदा सगळ्यांना सांगितली.

खैरपूर नावाचं एक गाव. तिथं रोज सकाळी चावडीचा माणूस दारोदार जाऊन विचारायचा, "कसं काय?" आणि प्रत्येकानं म्हणायचं, "खैरियत." विहीर आटली, खैरियत. बैल मेला, खैरियत. जो दुसरं काही बोलेल त्याला गावानं पाणी द्यायचं नाही. पुढं पुढं चावडीच्या माणसाला फिरायचीही गरज उरली नाही, शेजारीच शेजाऱ्यावर कान ठेवू लागला. असं होता होता त्या गावात दुःखाला शब्दच राहिला नाही. मग एका म्हातारीचा लेक गेला. तिच्या काळजात काहीतरी होत होतं, पण त्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. ती दारोदार विचारत फिरली, "बाबांनो, याला काय म्हनत्यात?" दारं उघडत होती, मिटत होती, आणि प्रत्येक दारातून एकच उत्तर येत होतं, "खैरियत."

गोष्ट तिथंच थांबली. मास्तरांचा लहानपणापासूनचा सोबती बलभीम, ज्याचं रान अणदूरच्या वाटेवर होतं, तो शेवटी म्हणाला, "म्हातारीचं फुडं काय झालं?"

"पुढं काही नाही."

"आसं कसं? कुणीतरी तिला सांगितलं आसंल की."

"सांगितलं असतं तर मी बोललो नसतो का, बलभीम?"

गोष्ट पायानं चालते म्हणतात, ही घोड्यावर बसून गेली. चार महिन्यांत मास्तरांना वरून बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी शाळेतून मागवलेली मास्तरांची गोष्टींची वही समोर ठेवून विचारलं, हे खैरपूर कोणत्या तालुक्यात येतं. मास्तर म्हणाले, कुठंच नाही साहेब, मनचं गाव आहे. "मनचं गाव असतं तर लोक एवढे चूप बसून ऐकतात कशाला?" साहेब म्हणाले. माणूस हुशार होता. वही त्यांनी ठेवून घेतली आणि मास्तरांची नोकरी गेली.

हमिदाबीनं, मास्तरांच्या बायकोनं, कपाळाला हात लावला नाही. ती लोकांच्या चोळ्या-कुंच्या शिवू लागली. मकबूल म्हणाला, "भाई, चला माझ्यासंगं," आणि चाळिशीचे मास्तर धाकट्या भावाच्या हाताखाली कापूस पिंजायला शिकले. त्यांना ते कधीच नीट जमलं नाही. मकबूल हसायचा आणि त्यांचा वाटा पुन्हा स्वतः पिंजून टाकायचा.

अठ्ठेचाळीसला रझाकार गावात आले तेव्हा दोघा भावांनी त्यांच्यात नाव घालायला नकार दिला. त्याबद्दल मकबूलनं पाठीवर काठ्या खाल्ल्या. गावानं ते पाहिलं होतं. म्हणूनच भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि राज्य फिरलं, तेव्हा हमिदाबी घाबरली तरी मास्तर म्हणाले, "आपल्याला कोण काय करणार? गाव आपल्याला ओळखतं."

त्या आठवड्यात मास्तर तापानं पडले होते. मकबूल औषध आणायला अणदूरला निघाला. वाटेत रझाकारांचा सूड मुसलमानांवर उगवत फिरणाऱ्या बाहेरगावच्या एका टोळीनं त्याला गाठलं. दोन दिवसांनी तो ओढ्यात सापडला. मयतीला माणसं बेताचीच होती. बलभीम आला नाही. टोळीनं मकबूलला नेलं तेव्हा बलभीम आपल्या रानातल्या वस्तीच्या दारात उभा होता, एवढं मास्तरांच्या कानावर आलं होतं.

महिन्याभरानं तोच दारात येऊन उभा राहिला. मान खाली. म्हणाला, "मास्तर, पारावर झेंड्याचा कारेक्रम हाय. तालुक्याची मानसं येनारेत. तुमी ती गोष्ट सांगावी म्हंत्यात. आता भ्यायचं कारन न्हाय."

"कोणती गोष्ट?"

"ती, खैरियतची. निजामाची."

"ती निजामाची कधी होती?"

बलभीम गोंधळला. "मग कुनाची?"

"मकबूलला नेलं तेव्हा तू दारात होतास म्हणे."

"म्या एकटा काय करनार हुतो, मास्तर?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "माझ्या गोष्टीतले शेजारीही असंच म्हणाले असते."

तरी ते पारावर गेले. का गेले, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित या खेपेला तरी ऐकणाऱ्यांना आपली दारं त्यात दिसतील असं वाटलं असेल. त्यांनी गोष्ट सुरू केली. चावडीच्या माणसापाशी लोक हसले, एकानं निजामाचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. म्हातारीचा लेक गेला तिथं मास्तर अडखळले. त्यांनी दोनदा पुढचं वाक्य धरायला पाहिलं. मग ते सगळ्यांसमोर उभ्या उभ्या रडू लागले, तोंडसुद्धा झाकलं नाही. आणि पारावरचे लोक जास्तच जोरात टाळ्या वाजवू लागले. काय हुबेहूब सांगतो हो मास्तर, तालुक्याचा पाहुणा शेजारच्याला म्हणाला.

पुढं मास्तरांना नोकरी परत मिळाली. पोरांना ते कोल्ह्याच्या, कावळ्याच्या गोष्टी सांगत. खैरपूरचं नाव पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दीडेक वर्षानं एका दुपारी बलभीम घरी आला. ओसरीवर बसला, पाणी दिलं ते प्यायला नाही.

"मास्तर, म्या तुमाला समदं सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "त्यानला मकबूलला ठार मारायचंच हुतं आसं न्हाय. त्यांनी त्याला माझ्या दारात आनला हुता. मकबूल म्हनला, म्या मास्तरांचा भाऊ, ह्यो बलभीम मला वळखतो. त्यांनी मला इचारलं, वळखतोस का?"

बलभीम जमिनीकडं बघत होता.

"म्या म्हनलो, न्हाय."

ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. मास्तरांनी विचारलं, "मग मकबूल काय म्हणाला?"

"काय न्हाय. नुस्तं माझ्याकडं बगितलं. त्याला वाटलं आसंल, मला नीट ऐकू आलं न्हाय. त्यानं फिरून आपलं नाव सांगितलं."

माफी मागायला शब्द बलभीमला सापडले नाहीत आणि द्यायला मास्तरांकडे नव्हते. तो उठून गेला.

हमिदाबी आत दळण निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "क्या बोला बलभीम? कायकू आया था?"

मास्तरांना वाटलं, हिला हे सांगू नये, खैरियत म्हणून मोकळं व्हावं. मकबूलला तिनं पोटच्या पोरासारखा वाढवला होता. मग ते तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि वस्तीच्या दारात काय घडलं ते पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, तिला सांगू लागले.