उतरायची सोय

वसईच्या पश्चिमेला, सुरूच्या बनालगत, रामचंद्र आणि जयवंतीबाई यांची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे. चाळीस वर्षे रामचंद्रांचा एक नेम होता. संध्याकाळी वाडीचे शिंपणे आटोपले की ते समुद्रावर जात, घोटाभर पाण्यात उभे राहत आणि परत येत. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली आणि घरात चाकांची खुर्ची आली. ती डांबरी रस्त्याच्या टोकापर्यंत जाई. पुढे दगडी बंधारा आणि खाली भुसभुशीत वाळू. समुद्र तेथून दिसत असे. परंतु दिसण्याने रामचंद्रांचे समाधान होत नव्हते.

मुलगा तेजस म्हणाला, "बाबा, मी आणि शेजारचा पॉल उचलून नेतो ना. दोन मिनिटांचं काम."

"मला उचलायचं ते एकदाच," रामचंद्र म्हणाले. "तेव्हा मी काही बोलणार नाही. आता तोंड चालतंय तोवर नको."

जयवंतीबाई त्याच वर्षी प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकल्या होत्या. समुद्रावर उतरायच्या वाटेसाठी महापालिकेला अर्ज आपणच लिहायचा, असे त्यांनी ठरवले. लिहून झाल्यावर तो त्यांनी पतीस वाचून दाखवला. 'माझे पती अपंग आहेत' हे शब्द येताच रामचंद्रांनी मान फिरवली.

"तो शब्द काढ. दवंडी पिटतेस का? उतरायची सोय करा, एवढंच लिही. कळतं त्यांना."

जयवंतीबाईंना ते पटले नाही. तरीही पतीचा मान राखावा म्हणून त्यांनी नवा कागद घेतला आणि लिहिले, 'येथील रहिवाशांस समुद्रावर उतरायची सोय करून द्यावी.'

सात महिन्यांनी शेजारीण मटिल्डा धावत आली. "जयवंतीबाय, तुझा अर्ज पास झाला! चल, हाटेलासारखं केलंय!"

दोघींनी खुर्ची ढकलत नेली. बंधाऱ्यावरून वाळूपर्यंत अकरा पायऱ्या उतरत होत्या, लाल फरशीच्या, स्टीलचे कठडे असलेल्या. मोटारसायकली जाऊ नयेत म्हणून वरच्या तोंडाशी तीन खांब होते. खुर्ची खांबांपाशीच अडली.

रामचंद्र म्हणाले, "त्यांची चूक नाही गं. आपण उतरायची सोय मागितली, त्यांनी ती केली."

जयवंतीबाई त्या पायऱ्या उतरून गेल्या आणि कळशीभर समुद्राचे पाणी घरी घेऊन आल्या. ते परातीत ओतून त्यांनी पतीचे पाय त्यात ठेवले. डाव्या पायाला जाणीव होती. रामचंद्र बराच वेळ डोळे मिटून बसले.

"पाणी तेच आहे," ते अखेर म्हणाले, "पण पायाखालची वाळू सरकत नाही." आणि थोड्या वेळाने, "दुसरा अर्ज लिही. तो शब्द घाल. ठळक अक्षरांत घाल."

तो अर्ज मार्गशीर्षात गेला. रामचंद्र फाल्गुनात गेले, होळीला चार दिवस असताना.

वैशाखात महापालिकेचा धनेश नावाचा तरुण अभियंता घरी आला. "आजी, चाकांच्या खुर्चीसाठी उतार मंजूर झालाय. खुर्चीचं माप घ्यायचं होतं. आजोबा कुठे आहेत?"

जयवंतीबाईंनी सांगितले. धनेशने मोजायची टेप खिशात ठेवली. "मला माहीत नव्हतं, आजी. मी अंदाजाने करून घेतो."

"अंदाजाने नको," त्या म्हणाल्या. "अंदाजानेच पायऱ्या झाल्या."

त्यांनी माजघरातून खुर्ची आणली आणि ओल्या फडक्याने पुसली. धनेशने रुंदी मोजली. मग तो अडखळत म्हणाला, "माणूस बसला की कोपर बाहेर येतात. तेही माप लागेल."

घरात दुसरे कोणी नव्हते. जयवंतीबाई पदर सावरून त्या खुर्चीत प्रथमच बसल्या. धनेशने एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत टेप धरली आणि आकडा लिहू लागला.

"त्यात थोडं वाढवा," त्या म्हणाल्या. "ते माझ्यापेक्षा रुंद होते."