पडद्यावरचा गणपती

दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी, बाबांच्या पलंगाशेजारी एक छोटा पडदा आहे. त्यामागचा पंज्याएवढा कॉम्प्युटर मीच बसवला. अर्धांगवायूनंतर बाबांना झटके येतात, आणि गोळी चुकली की हमखास येतात. आईची नजर अधू. म्हणून वेळ झाली की मशीन घंटी वाजवतं आणि कुठली गोळी द्यायची ते मोठ्या अक्षरांत दाखवतं.

पण लाइट जाऊन आली की सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभर धावायच्या आणि आई दचकायची. मी सिटी सेंटर भागातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करते, तेव्हा मला कोण अडवणार? दोन रविवार घालवून मी त्या ओळी दडवल्या आणि वीज मिळताच आधी गणपतीचं चित्र येईल असं केलं. आठ-दहा सेकंद गणपती, मग गोळ्यांचं वेळापत्रक. आई खूश झाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासारख्यांसाठीच असावी.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी चारला मी ऑफिसातून फोन केला.

"बाबांनी दोनची गोळी घेतली?"

"घंटी कुठे वाजली अजून? दीडला लाइट आली, तेव्हापासून गणपतीच दिसतोय," आई म्हणाली.

लाइट अचानक गेली आणि मशीन ज्यावरून सुरू होतं ते मेमरी कार्ड बिघडलं असणार. पूर्वी असं झालं असतं तर त्या ओळी मध्येच अडकलेल्या दिसल्या असत्या आणि आईने घाबरून मला फोन तरी केला असता. आता चित्रामागे मशीन बंद पडलं होतं आणि घरात सगळं ठीक दिसत होतं.

"बाबांना उठव आधी!"

"हाका मारल्या गं दोनदा. उठत नाहीयेत."

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नव्हते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी खांदा हलवला. काहीच नाही. पुन्हा हलवला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि वैतागून म्हणाले, "काय आहे?" मी तिथेच खाली बसून रडले. मग डॉक्टरांना फोन करून, त्यांनी सांगितल्यावर गोळी दिली.

"आई, इतका वेळ अडकलंय हे कळलं नाही तुला?"

"कळलं ना. प्लग काढून परत लावायला गेलेही होते," ती हळूच म्हणाली. "पण समोर गणपती बसलेला. त्याला असा कसा बंद करू?"

मला तिचा संताप आला. तरातरा जाऊन मी प्लगला हात घातला, आणि माझाही हात तिथेच थांबला. आईने हात जोडले. मी डोळे मिटून प्लग ओढला.