झाकणमामाचा खालचा डोळा

आमच्या घरातली झाडून सगळी पोरं माझ्या दादाला झाकणमामा म्हणतात. का म्हणतात ते त्यांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते माझ्यासमोर सांगत नाहीत. नाव मीच ठेवलंय. एकतीस वर्षांपूर्वी, रागाच्या भरात. आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नव्हता. परवापर्यंत.

दादाचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. हातात पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानादुकानांतून हिंडायचं, काटा उघडायचा, पुसायचा, एका ग्रॅमचाही फरक राहिला नाही अशी खात्री झाली की मगच उठायचं. दुकानदार कंटाळून जायचे. घरीही तीच तऱ्हा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, जिना उतरणार आणि चौथ्यांदा ओढायला पुन्हा वर येणार. वहिनी म्हणते, "वन्सं, आम्ही कुठल्याही गाडीला वेळेवर पोचलेलो नाही. पण घर मात्र कधी उघडं राहिलेलं नाही."

आता मला सांगा, असा माणूस माझ्या लग्नात माती खाईल असं कुणाला वाटलं असतं?

त्याच्याकडे एक जुना कॅमेरा आहे. एक फोटोवाला दुकान बंद करून निघाला, त्याच्याकडून दादाने तो घेतला होता. कॅमेरा कसला, उभा काळा डबा. समोर एकाखाली एक असे दोन डोळे. वरच्या डोळ्याने बघायचं आणि खालच्या डोळ्याने फोटो निघायचा. इतर कॅमेऱ्यांसारखा तो तोंडाला लावायचा नाही. पोटाशी धरायचा, वरचं झाकणासारखं दार उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या काचेत बघायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं की या माणसाने काहीतरी गुन्हा केलाय आणि आता तोंड दाखवायला जागा नाही. त्यात त्या काचेत सगळं उलटं दिसतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. त्यामुळे दादा "जरा डावीकडे" म्हणाला की आम्ही घरचे मुकाट्याने उजवीकडे सरकायचो. पाहुणे बिचारे डावीकडे सरकायचे आणि बोलणी खायचे. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा.

माझं लग्न सहीचं. नोंदणी कचेरीत दोन सह्या, पायऱ्यांवर चार फुलं, मग शेजारच्या हॉलमध्ये चहा. बाबा म्हणाले, एखादा फोटोवाला सांगू या. दादाने छाती पुढे काढली. "मी असताना फोटोवाला कशाला?" तीन रोल आणले, छत्तीस फोटो काढले. प्रत्येक फोटोला पाच-पाच मिनिटं खाल्ली. बाबांना दोनदा उभं केलं, दोनदा बसवलं, आईच्या खांद्यावरचा पदर स्वतः जाऊन सारखा केला. आमच्या ह्यांची तर हसून हसून गालफडं दुखायला लागली होती.

चार दिवसांनी दादा दारात येऊन उभा राहिला. हातात धुऊन आणलेल्या रोलच्या तीन पट्ट्या, काचेसारख्या स्वच्छ. आरपार सगळं दिसत होतं, त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा. दिसत नव्हतं ते फक्त माझं लग्न.

त्याचं झालं असं. कॅमेऱ्याचं मूळचं झाकण त्याच्याकडे आलंच नव्हतं. खालच्या डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून दादाने गोळ्यांच्या बाटलीचं एक काळं झाकण त्यावर बसवलं होतं. अगदी चपखल बसायचं. वरच्या डोळ्याला त्याने काही लावलं नव्हतं, कारण तो नुसता बघणारा, त्याला कसली धूळ? तर लग्नाच्या दिवशी वरचा डोळा टक्क उघडा होता, दादाला सगळं लख्ख दिसत होतं, आणि खालच्या डोळ्यावरचं झाकण सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी काढलंच नव्हतं. घराचं कुलूप मात्र त्या दिवशीही त्याने चारदा ओढून बघितलं होतं.

मी आठ महिने त्याच्याशी बोलले नाही. नवव्या महिन्यात बाबा गेले, तेव्हा बोलले. काय बोलले ते इथे सांगत नाही. माझ्या लग्नातला बाबांचा एकही फोटो माझ्याकडे नाही, एवढंच समजा.

मग दादाने एक नवीनच खूळ काढलं. घरी आला की चहा पिता पिता मध्येच म्हणायचा, "सातवा. तू आईकडे बघतेयस आणि तुझ्या कानामागची बट सुटलीय." मी भांडी आपटायची. पुढच्या खेपेला म्हणायचा, "बाविसावा. तू ह्यांच्या उजव्या हाताला उभी आहेस." "डाव्या!" मी ओरडायचे. "लग्न माझं होतं की तुझं?" तो विचारात पडायचा आणि म्हणायचा, "हो, हो. मला काचेत दिसलं ना." छत्तीसच्या छत्तीस फोटो त्याच्या डोक्यात होते, नंबरवारीने, सगळे उलटे.

एकदा मी तापाने पडले होते. दादा उशाशी बसला होता. माझ्याही नकळत मी विचारलं, "अठरावा कुठला रे?" तो लगेच म्हणाला, "बाबा चष्मा पुसतायत. म्हणजे दाखवायला चष्मा. मी थांबलो होतो, त्यांचं पुसून होईपर्यंत." मी भिंतीकडे तोंड केलं. तो उठून गेला नाही.

तर हा सगळा इतिहास माझ्या लेकीला तोंडपाठ. तिचं लग्न ठरलं, तेही सहीचंच, आणि ती सरळ मामाच्या घरी गेली. कपाटावरून कॅमेरा खाली काढला. त्या दिवसानंतर दादाने त्यात रोल घातला नव्हता, पण दर महिन्याला गुंडाळलेलं फडकं सोडून रिकामाच चालवून बघायचा, गंज धरू नये म्हणून. लेक म्हणाली, "मामा, माझे फोटो तूच काढायचे. एक रोल, बारा फोटो."

दादा मटकन खालीच बसला. "नको गं बाई. माझ्याच्याने नाही होणार."

"मोबाइलवाले पन्नास जण आहेत मामा. फोटोंचा दुष्काळ नाही पडणार. मला तुझे हवेत."

संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. नाक मुठीत धरून उंबऱ्यात उभा. "तू हो म्हणालीस तर," म्हणाला. साठी उलटलेला माणूस, ओठ कोरडे पडलेले. मला कळत होतं, हे एकदा नीट पार पडलं नाही तर हा माणूस हे दुखणं वर घेऊन जाणार. पण माझी जीभ! मी म्हटलं, "काढ. पण प्रत्येक फोटोच्या वेळी मी शेजारी उभी राहणार. खालच्या डोळ्यावर माझा पहारा."

"राहा," तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला असावा.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. दादा तर महिनाभर नुसता फुंकतच होता. रिकाम्या कॅमेऱ्याने तालीम चालली होती: झाकण काढा, खिशात घाला, खिसा चाचपा, मान खाली, दाबा. वहिनीचा फोन आला, "वन्सं, तुमचे दादा सकाळ-संध्याकाळ माझे रिकामे फोटो काढतायत. लग्न झाल्यापासून एवढं निरखून त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. चालू राहू दे."

लग्नाचा दिवस आला. कचेरी तीच, पायऱ्या त्याच, फक्त मधल्या काळात रंग दिलेला. दादा इस्त्रीच्या शर्टात. त्याने सगळ्यांदेखत झाकण काढलं, मला दाखवलं, खिशात घातलं, खिसा चाचपला. माझं समाधान होईना. त्याची एक जुनी सवय मला ठाऊक होती. एक फोटो झाला की लगेच झाकण परत लावायचं, धूळ बसेल म्हणून. मग मी काय केलं, त्याच्या बाजूला चिकटून उभी राहिले आणि खालच्या डोळ्याच्या कडेवर दोन बोटं ठेवली. बघू कसा लावतो झाकण!

"काचेला हात लावू नकोस," तो मान खाली घालूनच म्हणाला.

"काचेला नाही, कडेला लावलाय. तू तुझं काम कर."

"नवरदेव, जरा डावीकडे."

जावई नवा. तो बिचारा डावीकडे सरकला. "अरे, दुसरीकडे!" आमचं अख्खं घर एका सुरात ओरडलं. नोंदणी साहेब हातात पेन घेऊन बघतच राहिले. सही झाली, फुलं झाली, विहीणबाई झाल्या, मैत्रिणी झाल्या. एक, दोन, पाच, आठ, अकरा. दर वेळी माझी दोन बोटं जागच्या जागी. मी एकदाही ढिलाई केली नाही. सांगते ना, डोळ्यात तेल घालून उभी होते.

एक फोटो उरला. लेक म्हणाली, "आता आई-बाबा. दोघंच."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? तुझं लग्न आहे."

तिने ऐकलं नाही. आम्हा दोघांना ढकलत ढकलत पायऱ्यांवर नेलं. आमचे हे उभे राहिले, कॉलर एका बाजूने वर आलेली. आणि माझ्या डोक्यात आलं, मी इथे, कॅमेरा तिथे, मग पहारा कोण देणार? तोंडावर आणायचं नव्हतं, पण दादाने ते वाचलं. कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून तो पायऱ्या चढून वर आला. खिशातून ते काळं झाकण काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे तू धर. मूठ घट्ट मिट," तो म्हणाला. "तुझ्याजवळ असलं म्हणजे माझ्याजवळ नाही."

आणि खाली गेला. मान खाली घातली. बराच वेळ तसाच राहिला. पन्नास माणसं खोळंबली होती, कुणीतरी खोकलं, तरी तो हलला नाही. मग काचेतून डोळे न काढता म्हणाला, "हं. आता डोळे मिटू नकोस." एक बारीकसा आवाज आला. झालं.

आता रोल धुणारी दुकानं कुठे उरलीत? परगावी पाठवावा लागला. तीन आठवड्यांनी पाकीट आलं, ते दादाने उघडलंच नाही. तसंच बंद पाकीट घेऊन तो आमच्याकडे आला. टेबलाभोवती आम्ही चौघं: हे, मी, लेक आणि तो. पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "तू उघड."

पहिला फोटो काढला. जावयाचं अर्धं तोंड, आणि उरलेल्या अर्ध्या फोटोवर एक मोठा पांढुरका गोळा. दुसऱ्यातही गोळा. तिसऱ्यात लेकीच्या जागी गोळा आणि त्याच्या मागून डोकावणारे नोंदणी साहेब. दादाचं तोंड उतरलं. "लेन्स गेली," तो पुटपुटला. "बुरशी धरली असणार. मी बघायला हवं होतं." पाच, आठ, अकरा. सगळीकडे तेच. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, खोटं कशाला बोलू? पण त्याच्याकडे बघितलं आणि गिळल्या.

तेवढ्यात दादाने सवयीने खिशातलं भिंग काढलं. काट्याचे आकडे बघायचं भिंग. अकराव्या फोटोवर धरलं, वाकला, आणखी वाकला.

"ह्या गोळ्याला अंगठी आहे," तो म्हणाला.

सगळ्यांनी आधी फोटोकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे.

अहो, मला काय ठाऊक! वरच्या डोळ्याला माझी बोटं दिसत नव्हती, म्हणून दादालाही दिसली नाहीत. खालच्या डोळ्याला मात्र माझ्या बोटांखेरीज धड काही दिसलं नव्हतं. लेक हसता हसता खुर्चीवरून खाली आली. आमचे हे महिन्यातून एकदा बोलतात, ते नेमके तेव्हा बोलले. "एकतीस वर्षं तू त्याला झाकण म्हणतेयस. आता तुला काय म्हणायचं?"

"बोटआई!" लेक जमिनीवरून ओरडली.

हसला नाही तो फक्त दादा. "बारावा आहे का गं?" त्याने हळूच विचारलं.

पाकिटात एक राहिला होता. मी तो बाहेर काढला.

पायऱ्या. आमचे हे, कॉलर वर आलेली. शेजारी मी. कपाळावरची आठी न् आठी दिसतेय, पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात. कुठे गोळा नाही, डाग नाही. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली, आणि अंगठ्याखालून झाकणाची काळी कड डोकावतेय. माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते मला सांगता येणार नाही. त्या चेहऱ्याची मी मला कधी दिसलेच नव्हते.

मी फोटो दादापुढे सरकवला. त्याने भिंग लावलं नाही. नुसताच बघत राहिला.

"सदतिसावा," तो म्हणाला.

मग मला रडू फुटलं. त्याने माझ्यापुढे रुमाल धरला आणि स्वतःचा चष्मा पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता.

जाताना दारात थांबला. "झाकण तुझ्याकडे राहिलंय. दे. कॅमेरा तीन आठवडे उघडा पडलाय, धूळ बसते."

"नाही देणार," मी म्हटलं. "माझं आहे ते."

तो जिना उतरला, आणि पुन्हा वर येऊन आमचं दार नीट लागलंय ना, ते बाहेरून ओढून बघून गेला.