पुसदचं मरून गिटार

घरात एक जुनं गिटार आलं की त्याच्या मागे एक किस्सा येतोच. गिटारासाठी निदान भिंतीत खिळा ठोकावा लागतो, किश्श्याला तेवढीही जागा लागत नाही. म्हणून आमच्या घरी गिटारांपेक्षा किस्से जास्त झाले. मेसमध्ये जेवायला येणारे विचारतात, मी पोळ्या लाटता लाटता सांगते. सांगून सांगून तोंड दुखलं, आता लिहूनच टाकते. मी चौथी शिकलेली बाई आहे. शुद्धलेखन तपासायचं असेल तर दुसरीकडे जा.

आर्णीत आमची मेस आहे, ती मी चालवते. आमचे हे, म्हणजे प्रकाश, रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतात. बेस म्हणजे चार जाड तारांचं गिटार, छातीत धमधम करणारं. हो, आर्णीत रॉक बँड आहे. ड्रमवर सलीम, त्याचं वेल्डिंगचं दुकान. गातात भोजने सर, शाळेत भूगोल शिकवतात. बँडचं नाव 'करपा'. पिकावर पडतो तोच. नाव ठेवलं त्या दिवशी मी विचारलं, दुसरं काही सुचलं नाही का?

सलीम म्हणाला, "वहिनी, इकडच्या मानसाले दचकवाचं तं याच्यापेक्षा मोठं नाव नाई."

यांना नवीन गिटार चालत नाही, जुनंच पाहिजे. एकेकाळी इकडे तालुक्या-तालुक्यात ऑर्केस्ट्रा होते. मग कीबोर्ड आला आणि एकच माणूस डाव्या हाताने बेस वाजवायला लागला. बेसवाले घरी बसले, त्यांची गिटारं माळ्यावर गेली. हे ती माळ्यावरून उतरवून आणतात. लोक मुलगी पाहायला जातात तसे हे गिटार पाहायला जातात. चहा-पोहेही तसेच खातात.

पण खरं पाहिजे होतं ते एकच. पुसदच्या वामनरावांचं. मरून रंगाचं, जपानी. यांनी बेस शिकला तो वामनरावांजवळ, त्याच गिटारावर. वामनराव गेले आणि गिटार त्यांच्या बायकोच्या, कमलकाकूंच्या घरी राहिलं. बाकीची सगळी आणली तरी यांच्या भिंतीवर मधोमध एक खिळा रिकामाच असायचा. तिथे कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नाही मला.

*

दारव्हा रोडने हे आणि सलीम गाडीवर येत होते. रस्त्याच्या कडेला सोयाबीन. रोही, म्हणजे नीलगायी, शिरू नयेत म्हणून वावरात बुजगावणं उभं केलेलं, अंगात शर्ट, डोक्यावर मडकं. यांनी सलीमच्या खांद्यावर थाप मारली.

"थांब. त्याच्या मडक्याखालून खुंट्या निघून राह्यल्या."

जाऊन पाहिलं तर शर्टाच्या आत बल्लीला बांधलेलं बेस गिटार. तेवढ्यात वावराचा मालक धावत आला.

"कोन हाये? विम्याचे का?"

"नाई काका, गिटारवाले."

"गिटारवाले माह्या वावरात काय करून राह्यले?"

सलीम म्हणाला, "तुमचं गिटार वावरात काय करून राह्यलं, ते सांगा पह्यले."

गिटार त्याच्या साळ्याचं होतं. साळा पुण्याला गेला, गिटार इथंच टाकून. मालक द्यायला तयार झाला, पण म्हणाला, "मंग इथं उभं कोन राह्यन?" यांनी बॅगेतून बँडचा काळा टीशर्ट काढला आणि बल्लीला चढवला. मालक खूश. काळा रंग, रोही जास्त भेतील.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "भाऊ, तुमी माह्या उभ्या पिकावर करपा लेहून गेले. सारी भावकी हासून राह्यली."

हे म्हणाले, टीशर्ट फिरवून घाला, पाठ रस्त्याकडे करा. पाठीवर बँडचा, म्हणजे भोजने सरांचा, मोबाइल नंबर होता. रस्त्याने जाणाऱ्याला नंबर दिसायचा, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणाऱ्याला नाव. सोयाबीन निघेपर्यंत भोजने सरांना फोन यायचे, "साहेब, करप्यावर काय फवारू?"

सर भूगोलाचे. तरी दोघा-तिघांना सांगितलं म्हणे त्यांनी.

*

भंगारवाल्याशी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस. कमलकाकूंच्या दारात गेला की तोंडाला कुलूप. पहिल्यांदा गिटार मागायला गेले आणि लिंबाचं लोणचं घेऊन आले. दुसऱ्यांदा गेले, मूगवड्या घेऊन आले.

मी विचारलं, "मांगतलं का?"

"नाई."

"काहून?"

"काकू म्हणाल्या, पंखा आवाज करते. मंग पंखा पाह्यला."

"मंग?"

"मंग चहा झाला."

"मंग?"

"मंग गाडीचा टाइम झाला ना."

मी लोणच्याची बरणी फळीवर ठेवली. चांगलं होतं लोणचं, खोटं कशाला सांगू. पण लोणच्यासाठी पुसदला जाणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहिला.

*

उमरखेडहून एक गिटार आणायला आम्ही दोघं गेलो होतो. परत येताना एसटीत गर्दी. यांनी गिटार मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट काढावं लागते.

मी म्हटलं, "काहून? सीटवर बसलं हाये का ते? मांडीवर लेकरू असलं तं तिकीट मांगता का तुमी?"

अख्खी गाडी माझ्या बाजूने झाली. एक म्हातारी तर म्हणाली, गप निजून हाये बिचारं. कंडक्टर हसला.

"बरं वहिनी, लेकरू तं लेकरू. वय काय त्याचं?"

मी तोंड उघडायच्या आधी हे छाती फुगवून म्हणाले, "पन्नासच्या वर. तपासून घेतलं आहे मी."

"मंग फुल तिकीट," कंडक्टर म्हणाला आणि फाडलं.

*

लोक मला विचारतात, वहिनी, प्रकाशभाऊचं ऐकू तं येत नाई, वाजवते का खरंच?

एकदा नवरात्रात मंडपात कार्यक्रम होता. गाण्याच्या मधोमध यांच्या गिटाराची वायर निघाली. ड्रम चालू, भोजने सर चालू, सगळं चालू. पण नाचणारी पोरं हळूहळू थांबली आणि एकमेकांकडे पाहायला लागली. समोर खुर्चीवर एक आजोबा बसले होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लाइट गेली का वं?"

मंडपात लखलखाट होता.

*

बोरी अरबला एका शेतकऱ्याच्या घरी त्याच्या वारलेल्या भावाचं गिटार होतं. हे एकटेच गेले. त्या माणसाने आधी यांचीच तपासणी केली. जागा कोरडी आहे का? पोट्टे हात लावतात का? वाजवता का नुसतं बांधून ठेवता? सगळी उत्तरं पटली तेव्हा त्याच्या बायकोने ताट आणलं आणि गिटाराला कुंकू लावलं. मग त्याने गिटाराचा चामडी पट्टा सोडला आणि खुंटीला अडकवला.

हे म्हणाले, "काका, पट्टा राहिला."

"दावं देत नसतात भाऊ. जनावर जाते, दावं घरीच राह्यते. घेनाऱ्यानं आपलं आनाव."

यांचे वडील तहसील कचेरीत होते. गोठा यांनी चित्रात पाहिला. म्हणाले, "पण काका, हे जनावर थोडंच आहे?"

"मंग आल्यापासून त्याच्या पाठीवर हात काहून फिरवून राह्यले?"

गिटार बिनपट्ट्याचं, काखेत धरून आलं. हे मला तक्रार सांगायला लागले. मी शेतकऱ्याची पोरगी. म्हटलं, बरोबर केलं त्या माणसानं. बैल विकला की माझा बाप दावं घेऊन घरी यायचा आणि गोठ्यात त्याच खुंट्याला लटकवायचा. ते दावं कोणी मागितलं तर सौदाच मोडायचा.

दुसऱ्या दिवशी खाटेची नवार घेतली, दुहेरी केली आणि एक पट्टा शिवून ठेवला. म्हटलं, यापुढे जाल तेव्हा आपलं दावं घेऊन जा.

*

मग नागपूरचा एक पोरगा आला. हॉटेल काढत होता, भिंतीवर लावायला जुनी वाद्यं पाहिजे होती. मेसमध्ये जेवला, वरण दोनदा घेतलं, गिटारं पाहिली.

मी विचारलं, "वाजवन कोन?"

"कोणी नाही काकू. डेकोरेशनसाठी."

"मंग फोटो लावा. फोटोले गंज नाई लागत."

आमच्याकडून काही मिळणार नाही हे त्याला समजलं. तेवढ्यात भोजने सरांनी ताटावरून मान वर केली आणि म्हणाले, "हे तर काहीच नाही. पुसदच्या वामनरावांचं पाहायला पाहिजे तुम्ही."

सलीमने टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता. त्या दिवसापासून सरांना मी पोळी वाढते, तूप लावत नाही.

कमलकाकूंची पोरगी दिवाळीनंतर घराची कौलं काढून स्लॅब टाकणार होती. म्हणजे माळा रिकामा होणार, गिटार खाली येणार. हे धावत पुसदला गेले. संध्याकाळी आले ते सीताफळांची पिशवी घेऊन.

"तो नागपूरवाला येऊन गेला," हे म्हणाले. "सोमवारी गाडी घेऊन येणार आहे."

"आनि तुमी?"

"काकू फळं उतरवून राहिल्या होत्या. शिडी धरली मी."

हे त्या रात्री जेवले नाहीत. उठून रिकाम्या खिळ्याखाली जाऊन बसले. मला राग आला होता, पण असा बसलेला माणूस पाहवत नाही.

*

सोमवारी मी मेसला कुलूप लावलं. यांना सोबत घेतलं आणि गाडीतच बजावलं, तुम्ही ओट्यावर बसायचं, पंख्याकडे पाहायचं नाही. पुसदला पोहोचलो तर दारात नागपूरची गाडी आधीच उभी.

हे ओट्यावर बसले, मी आत गेले. तो पोरगा खुर्चीवर आणि काकूंच्या मांडीवर मरून गिटार. खाली उतरवलेलं, पुसलेलं, आडवं ठेवलेलं. कमलकाकू म्हणजे सुकलेली बारीक बाई, पण आवाज खणखणीत. मला म्हणाल्या, "ये मंदा. हा पोरगा नेतो म्हनते. घरात ठेवाले जागा नाई आता."

मी सरळ म्हटलं, "काकू, मी पन तेच्यासाठीच आली."

 काकू गिटाराचा पट्टा सोडायला लागल्या. जुना चामडी पट्टा, वामनरावांच्या खांद्याने काळा झालेला. बक्कल निघेना, मी मदत केली नाही. ते काम दुसऱ्याने करायचं नसतं. शेवटी निघाला.

पोरगा पुढे झाला. "काकू, पट्टा पण लागेल. सेट फुल पाहिजे. त्याचे वेगळे देतो मी."

काकूंचा हात थांबला.

मी पिशवीत हात घातला, नवारीचा पट्टा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.  काकूंनी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कास्तकाराची का वं तू?"

"हो."

"जनावरं होती?"

"बैलजोडी होती. दोन गाई."

काकूंनी मान हलवली आणि त्या पोराला म्हणाल्या, "बाबू, चहा घेऊन जाय. गिटार नाई भेटत." तो काय चुकलं विचारत होता. त्याला कोणी सांगितलं नाही.

मग काकूंनी ओट्याकडे आवाज दिला. "प्रकाश, अंदर ये. पाव्हन्यासारखा बाहीर काहून बसला?"

हे आत आले. गिटार पाहिलं आणि दारातच उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "इतके साल येऊन राह्यला. एक डाव तं मांगाचं होतं."

हे म्हणाले, "काकू, पंखा आवाज करत होता."

काकूंनी गिटाराला कुंकू लावलं, नवारीचा पट्टा माझ्याकडून अडकवून घेतला आणि गिटार यांच्या गळ्यात घातलं. चामडी पट्टा वामनरावांच्या फोटोशेजारच्या खुंटीवर टांगला. म्हणाल्या, स्लॅब टाकला तरी ही खुंटी इथंच ठोकीन.

*

आता मधल्या खिळ्यावर मरून गिटार आहे. हे रोज वाजवतात, मेसमधल्या गिलासातलं पाणी हलतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

परवा सकाळी पाहते तर हे चप्पल घालून तयार.

"कुठं?"

"पुसदले."

"आता कायले? गिटार तं आलं ना."

"पट्टा राह्यला ना तिथं."

 हे संध्याकाळी आले. हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी.

"मांगतला का पट्टा?"

"नाई," हे म्हणाले. "नळ गळत होता."