मावशीच्या वहीतली मनगटं

माप घ्यायचं म्हटलं की शिंपी सहसा खांद्यापासून सुरुवात करतात. माझी मावशी मनगटापासून करते. आणि जुन्या मापावर तिचा काडीचा विश्वास नाही. तेच गिऱ्हाईक महिन्याभरात परत आलं तरी टेप काढणार, पुन्हा मोजणार, तारीख घालून वहीत लिहिणार. माणूस काय लाकडाचं असतं का, हे तिचं ठरलेलं उत्तर. वीस वर्षं मी तिच्या हाताखाली कापड कापतेय आणि या सवयीवरून किती भांडलेय त्याला गणती नाही. राग माझ्या नाकावरच असतो, म्हणून ती मला लवंगी म्हणते.

संधिवातानं तिला पस्तिशीतच धरलं. सकाळी तासभर मूठ वळत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बसते आणि नऊच्या ठोक्याला मशीनवर हजर. बोटं वाकडी, शिवण मात्र सरळ. सुईत दोरा मी ओवून देते, तेवढं एकच काम तिनं सोडलंय. दुखणं तर आमच्या घराच्या पाचवीलाच पुजलेलं: आजीला संधिवात, थोरल्या मावशीला संधिवात, माझ्या आईलाही. तिघी साठीच्या आत गेल्या, त्याही अचानक. वातानं गेल्या, असं घरात म्हणायचे, आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही.

त्या मंगळवारी मावशीच्या हातून कात्री दोनदा पडली. डावा खांदा ठणकतोय म्हणाली, कळ पार जबड्यापर्यंत जातेय, झोपेत मान अवघडली असणार. जिन्यात मध्येच थांबली, कपाळ घामानं डबडबलेलं. नशीब माझं, त्याच दिवशी तिची सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेहमीची तपासणी होती. तीही तिनं टाळलीच असती, पण बाईंचा कोट शिवायला घेतला होता आणि त्यांचं मनगट पुन्हा मोजायचं होतं. म्हणून निघाली, वही पिशवीत टाकून, मला सोबत घेऊन.

बाईंनी तिचा खांदा वर केला, खाली केला, फिरवला. कसाही फिरवला तरी कळ तेवढीच. सांधा असा दुखत नाही, असं त्या पुटपुटल्या आणि लगेच नर्सला हृदयाचा आलेख काढायला सांगितलं. छातीला तारा लावत असताना त्यांनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का. मावशी झोपल्या झोपल्या तोऱ्यात म्हणाली, छे, आमच्या बायकांची हृदयं दणकट, आम्ही सगळ्या सांध्यांनी मरतो.

"मावशी, सांध्यांनी कुणी मरत नाही," बाई म्हणाल्या.

कोण कितव्या वर्षी गेली, केव्हापासून सांधे सुजत होते, हे काही मावशीला आठवेना. तिनं मला वही काढायला लावली. पुरवण्या शिवून शिवून ती वही विटेएवढी जाड झालीये, आणि शेवटची पानं घरच्यांची आहेत. आजीचं मनगट आधी सव्वासहा इंच, मग पावणेसात, मग सात. पुढे लिहिलेलं, बटण नको, हुक लाव. त्यापुढे, हुकही नको, इलॅस्टिक. मग एक तारीख, आणि खाली कोरं. थोरल्या मावशीचं पान तसंच. आईचं तसंच. फक्त मामाचं मनगट कधी सुजलं नव्हतं, आणि त्याचं पान अजून चालू होतं.

मी तोंडात बोट घातलं. वीस वर्षं ती पानं मी उलटत होते, तीही कटकट करत. एक बाई, चौथी शिकलेली, हातात टेप घेऊन घरातल्या प्रत्येकीच्या रक्तात काय चाललंय ते इंचात लिहून ठेवत होती. तिलाही ते ठाऊक नव्हतं.

मग आलेख निघेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. काही जनुकांमुळे सांध्यांचा हा आजार घराण्यात उतरू शकतो, आणि त्यांतल्या काहींचा रक्तवाहिन्यांशीही संबंध दिसतो. त्यात वर्षानुवर्षांची सूज भर घालते. प्रत्येकीला होतंच असं नाही, पण इतक्या जणी गेल्यावर थांबून चालायचं नाही, असं सांगून माझंही रक्त तपासायला लावलं. आमची चूक मला तेव्हा कळली. सांधे दुखणाऱ्या घरात नवं दुखणंही जुन्याच्याच नावावर खपतं.

आलेख बिघडलेला होता. तासाभरात मावशी मोठ्या रुग्णालयात, आणि संध्याकाळपर्यंत हाताच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून त्यांनी तिच्या हृदयाची बंद होत आलेली वाट उघडली. वाचली. उद्यावर ढकललं असतं तर हाती लागली नसती, असं तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती. मी चहा पुढे केला तर घेईना. रडत होती.

"तुझ्या आईचा खांदा मी तीन दिवस चोळला, लवंगी. तेल कोमट करून, या हातांनी."

मग मला राहवलं नाही. अकरा वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. त्या तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली होती की हे दुखणं वेगळं वाटतंय, डॉक्टरकडे नेतेस का. आणि मी हातातलं कापड आपटून म्हणाले होते, तुझं रोजचंच आहे, बघू उद्या. रात्रीतच ती गेली.

मावशीनं पदरानं डोळे पुसले.

"मला माहीत आहे. मी दारातच उभी होते."

अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. रोज मी तिच्यावर डाफरले, मापांवरून, दोऱ्यांवरून, कशाहीवरून. मला गप्प करायला तिला ते एक वाक्य पुरलं असतं, आणि तिनं कधी ब्र काढला नाही. एवढं मोठं माणूस रोज माझ्या शेजारी बसून काजं करत होतं, आणि मला पत्ताच नव्हता.